तुमच्या हातचं जेवलेला चाचा

बाबा, तुमच्या हातचा भात खाणारा तो समुद्री चाचा मी आज कोर्टात पाहिला. समोरासमोर, चार हातांवर. केस विरळ झालेत, अंगात करडा स्वेटर, नाकावर चष्मा. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभा असता तर मी त्याला ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हटलं असतं. याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. असल्या माणसाने इतकं चारचौघांसारखं दिसावं? गेली कित्येक वर्षं तो इथेच न्युरेम्बर्गमध्ये राहत होता, एका पार्सलच्या गोदामात कामाला. मी ज्या यू-बानने, म्हणजे इथल्या मेट्रोने, कामावर जाते तीच त्याचीही लाइन. म्हणजे कधीतरी आम्ही एकाच डब्यात उभे असणार, आणि उतरताना माझी पर्स त्याला लागली म्हणून मी त्याला ‘एन्टशुल्डिगुंग’ म्हटलं असणार. मी त्याची माफी मागितली असणार, बाबा!

तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, पण मला ते एकदा माझ्यासाठी मांडून बघायचंय. तुम्ही मालवाहू बोटीवर भंडारी होतात. बोटीवरच्या सगळ्यांचं दोन वेळचं जेवण तुमच्या हातात. सोमालियाजवळच्या समुद्रात चाच्यांनी तुमची बोट धरली, किनारा दिसेल इतक्या अंतरावर नांगर टाकायला लावला आणि मालकाकडे खंडणी मागितली. गणपती गेले, दिवाळी गेली, शिमगासुद्धा गेला, तरी तुम्ही तिथेच. तुमच्या गॅलीच्या, म्हणजे बोटीवरच्या तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बंदूक मांडीवर घेऊन जो बसायचा तो हा. तेव्हा पंचविशीचा होता म्हणे. गोदामात कुणाशी तरी भांडण झालं, त्या भांडणाऱ्याने पोलिसांना जाऊन सांगितलं की हा पूर्वी चाचा होता, आणि चौकशी सुरू झाली.

मागच्या हिवाळ्यात मला पोलिसांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये, आणि पलीकडून एक बाई शांतपणे विचारतेय की अमुक बोटीवरचे कुक हे तुमचे वडील ना? तुम्हाला जाऊन दहा-बारा वर्षं झाली, तरी मी मीटिंग सोडून बाहेर पळाले, आता यांना काय झालं म्हणून. तिने खटला भरणार असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, “अहो, पण ती बोट जर्मन नव्हती. माणसं जर्मन नव्हती. समुद्रही जर्मन नव्हता.” ती म्हणाली, “गेनाऊ, अगदी बरोबर. तरीही आम्ही त्सुश्टेंडिश आहोत.” हा शब्द इथे आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात शिकावा लागतो. हे काम ज्याच्या अखत्यारीत येतं तो माणूस त्सुश्टेंडिश, आणि तो माणूस कधीही तुमच्यासमोर बसलेला नसतो. घराची नोंदणी असो की मुलीची शाळा, टेबलापलीकडून ‘मी याला त्सुश्टेंडिश नाही’ हेच ऐकायचं आणि दुसऱ्या मजल्यावर जायचं. आणि त्या दिवशी एक सरकारी बाई आपणहून सांगत होती की आम्ही आहोत. जहाज लुटणारा हा कुणा एका देशाचा गुन्हेगार नसतो, तो सगळ्या माणसांचा वैरी, असं फार जुन्या काळापासून मानतात म्हणे. म्हणून तो ज्याच्या हाती सापडेल त्याने त्याचा न्याय करावा. कोठडीत माणसांचे हाल करणारे वर्दीवालेसुद्धा आता त्याच हिशेबात धरतात, हेही तिने सांगितलं.

फोन ठेवल्यावर मला रडू यायला हवं होतं. आली ती तिडीक. हे सगळं जग कुठे झोपलं होतं, जेव्हा आई आणि मी मुंबईत दारोदार फिरत होतो? ज्या एजंटने तुम्हाला बोटीवर चढवलं तो म्हणाला, मी फक्त माणसं पुरवतो. मालकाला विचारा. मालक भलत्याच देशात, त्याचा फोन आधी वाजायचा आणि मग वाजेनासा झाला. सरकारी कचेरीतले साहेब म्हणाले, बोटीवर झेंडा आपला नाही, आपण काय करणार? झेंडा ज्या देशाचा होता त्या देशाचं नाव आईला धड उच्चारताही येत नव्हतं, आणि त्या देशाला तुम्ही जिवंत आहात की मेलात याच्याशी काडीचं घेणं नव्हतं. चाच्याला धरायला सगळं जग मालक, आणि तुम्हाला सोडवायला कुणीच नाही, हा कुठला न्याय? त्याच सुमारास टीव्हीवर दाखवलं की कुठल्याशा युद्धनौकेने काही चाच्यांना पकडलं, बंदुका समुद्रात फेकल्या आणि त्यांना परत किनाऱ्यावर सोडून दिलं, कारण खटला चालवायची कटकट कुठल्याच देशाला नको होती. आई टीव्हीकडे बघत म्हणाली, “डबा पण बांधून दिला असेल मेल्यांना.” मग ती उठून ओटा पुसायला लागली, आणि स्वच्छ ओटा पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

आई इथे आली होती तेव्हाची गोष्ट सांगते. पुण्या-मुंबईहून कुणीही आलं की आम्ही त्यांना किल्ला दाखवतो, बाजार दाखवतो, आणि मग ते कोर्टाचं दालन, जिथे महायुद्धानंतर नाझी पुढाऱ्यांना पिंजऱ्यात उभं केलं. पाहुणे फोटो काढतात, ‘भारी आहे’ म्हणतात आणि जेवायला कुठे जायचं ते विचारतात. आई मात्र बाकावर बसली. मी माहिती वाचून दाखवत होते, माणुसकीविरुद्धचे गुन्हे वगैरे. तिने मध्येच मोठ्याने विचारलं, “आपली केस यांनी घेतली असती का गं?” आजूबाजूचे लोक बघायला लागले. माझ्या मुलीने, ती इथल्या मुलांसारखं आईला मामाच म्हणते, हळूच विचारलं, “मामा, वास हाट ओमा गेझाग्ट?” आजी काय म्हणाली ते मी तिला सांगितलं नाही. आईलाही ‘चल, खालचं दुकान बंद होईल’ म्हणून बाहेर नेलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर होय असू शकतं हे तेव्हा मला माहीतच नव्हतं.

तुम्ही मला एकदा हँबुर्गहून कंपासपेटी आणली होती. निळी, पत्र्याची. पेटी देण्याआधी तुम्ही तिचं झाकण माझ्या कानाशी धरून लावलंत. टक्. “ऐकलंस बाय? असं बसायला हवं झाकण. ह्या लोकांची झाकणं बघ, हवा जायची नाही आत.” तुम्हाला नीट बंद होणाऱ्या वस्तूंचं भारी वेड. सुट्टीवर घरी आलात की पहिल्या दिवशी सगळ्या डब्यांची झाकणं तपासायचात, कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घालायचात, आणि आई म्हणायची, “अहो, बोट नाहीये ही, जरा बसा.” तेच तुम्ही सुटून घरी आलात आणि आमच्या फ्रीजचं दार लागणं बंद झालं. दाराच्या फटीत घडी घातलेला पंचा असायचा. आईने काढला की तासाभरात पुन्हा जागेवर. दूध नासायचं, लोणी वितळायचं, विजेचं बिल बघून आई कपाळाला हात लावायची. आम्हाला वाटलं, माणूस जरा फिरलाय, होईल हळूहळू बरा.

मग तो दिवस. मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेली. आई आमटीला फोडणी देतेय, तुम्ही पाटावर बसून नारळ खवताय. दूध तिसऱ्यांदा नासलंय आणि आईचा तोल जातो. ती पंचा ओढून काढते, फ्रीजचं दार धाडकन लावते आणि त्याला पाठ टेकून उभी राहते. तुम्ही उठता. खवणी लवंडते. तुमच्या तोंडून आवाज येतो तो मी त्याआधी कधी ऐकलेला नाही. आई घाबरून बाजूला होते, तुम्ही दार उघडता आणि त्या उघड्या फ्रीजसमोरच खाली बसता. आणि मग फ्रीजमधल्या अंड्यांकडे बघत बोलायला लागता. मालक दाद देत नव्हता म्हणून त्यांनी तुम्हाला आणि सेकंड इंजिनियरना बोटीच्या कोल्ड रूममध्ये कोंडलं. जिथे तुम्ही मासे, मटण, बटाटे नीट लावून ठेवायचात त्याच खोलीत, अंगातले कपडे काढून. अशा खोलीला आतून उघडायची मूठ असते, चुकून कुणी अडकलं तर बाहेर यावं म्हणून. ती त्यांनी आधीच काढून घेतली होती. थोड्या वेळाने बाहेर काढायचे, मालकाला फोन लावायचे, त्याला तुमचं ओरडणं ऐकवायचे आणि पुन्हा आत. दाराशी होता हा. दार लावायचा तो हाच. आणि मालकाने फोन ठेवून दिला, एकदा नाही, दर वेळी.

सगळ्यात कमाल पुढे आहे. त्याच संध्याकाळी तुम्ही गॅलीत उभे राहून भात रांधलात, आणि बोटं वळत नसताना त्याच्यापुढेही ताट ठेवलंत. मी तेव्हाही भडकले होते. “त्याला कशाला वाढलंत? त्याच्या तोंडावर फेकायचं होतंत!” तुम्ही म्हणालात, “भुकेला होता गो. त्यांच्या मोठ्यांनी त्याला दिवसभर काही दिलं नव्हतं. भंडारी असून समोरच्याला उपाशी ठेवला तर मग मी कोण उरलो?” मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. तुम्हाला काय उरायचं होतं ते तुम्ही ठरवलंत, ठीक आहे. पण त्याच्यावर चिडण्याचं काम मग सगळं माझ्याच वाट्याला आलं. आणि वर मला दम भरलात. गावातला एक वार्ताहर घरी येऊन गेला होता, मी त्याला सगळं सांगते म्हटलं, तर तुम्ही असे डाफरलात की आई मध्ये पडली. “माझे हाल चव्हाट्यावर मांडायचे नाहीत. नागवा केला होता मला. हे ह्या भिंतींच्या बाहेर गेलं तर मी तुझा बाप नाही.” तेवढं एकच वाक्य तुम्ही मला आयुष्यात एवढ्या कठोरपणे बोललात.

म्हणून पोलिसांना मी लगेच हो म्हटलं नाही. बाकीचे खलाशी पुढच्या टोकाला कोंडलेले होते, कोल्ड रूममधलं प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नव्हतं. सेकंड इंजिनियरकाकांना मी फोन केला. ते म्हणाले, “बाळ, मला नको परत ते. सुनेला माहीत नाही, नातवंडांना माहीत नाही. मी सांगणार नाही, तू मला विचारूही नकोस.” म्हणजे उरले मी. ऐकीव का होईना, इथल्या कोर्टात ते ऐकून घेतात. आमच्या मराठी मंडळातली मैत्रीण म्हणाली, “आल्झो, म्हणजे बघ, तू कशाला नसत्या भानगडीत पडतेस? तुझं आइनब्युर्गेरुंग चालू आहे, नागरिकत्व मिळू दे आधी. आणि बाबा तर आता नाहीत.” तिचं म्हणणं प्रेमाचंच होतं, पण माझं डोकं फिरलं. ज्यांचे वडील नसतात त्यांच्या वडिलांचं काहीही झालं तरी चालतं की काय? शेवटी आईला विचारलं. पलीकडे तिने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, “सांग. सगळं सांग. त्यांना राग आला तर त्यांना म्हणावं, माझ्याशी बोला.”

आज सांगितलं, बाबा. कोर्टाची साधी खोली, एखाद्या ऑफिससारखी, खिडकीबाहेर सायकलींचा स्टँड. मी फ्रीजबद्दल सांगितलं, पंच्याबद्दल, काढून घेतलेल्या मुठीबद्दल, कपड्यांबद्दलही. इतकी वर्षं इथे राहून माझं जर्मन बरं झालंय, पण ‘नागवा’ म्हणताना माझी जीभ अडली. न्यायाधीशबाईंनी पाणी पुढे केलं आणि घाई केली नाही. तो मान खाली घालून दुभाष्याचं ऐकत होता. मग त्याचा वकील उठला. गोड बोलणारा, हातात पेन फिरवणारा. “तुमचे वडील माझ्या अशिलाला जेवायला वाढायचे, बरोबर?” हो. “कुणी बळजबरी केली होती?” नाही. “एकाच भांड्यातलं?” हो. “म्हणजे बोटीवर एक प्रकारचं माणुसकीचं वातावरण होतं, असं आपण म्हणू शकतो?” बाबा, तुम्ही थंडीने वाकड्या झालेल्या हातांनी वाढलेला भात तो माणूस माझ्यासमोर त्याच्या बाजूचा पुरावा म्हणून मांडत होता! मी म्हटलं, “माणुसकी होती. पण ती एकाच बाजूने होती.” वकिलाने पेन फिरवायचं थांबवलं आणि पुढचं काही विचारायचं नाही म्हणाला.

मग न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं, साक्षीदाराला तुम्हाला काही विचारायचंय का? इथे आरोपीला तसा हक्क असतो. तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. दुभाष्याने सांगितलं, तो विचारतोय, तुमचे वडील कधी त्याच्याबद्दल बोलायचे का, कारण तो त्यांना विसरलेला नाही, ते ताट ठेवताना दर वेळी काहीतरी म्हणायचे. आणि मग दुभाष्यासाठी न थांबता तो स्वतःच म्हणाला, “जेव रे, जेव.” पहिला ‘जेव’ मोठा, दुसरा खाली सोडलेला, अगदी तुम्ही सोडायचात तसा, आपल्या गावाकडचा. दुभाषा गोंधळला, म्हणाला ही सोमाली नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या अख्ख्या खोलीत ती भाषा दोघांनाच कळत होती, मला आणि त्याला. न्यायाधीशबाईंनी अर्थ विचारला. मी ‘आठवत नाही’ म्हणू शकले असते. त्या शब्दाने त्याची शिक्षा कमी होणार असेल तर मी तो का समजावून सांगायचा? पण ते तुमचं बोलणं होतं, त्यात मी लबाडी कशी करणार? मी म्हटलं, इस, माइन युंगं, इस. खा रे बाळा, खा. आणि हेही सांगितलं की असं घरच्या माणसालाच म्हणतात. सरकारी वकीलबाई ते लिहून घेताना मधूनमधून मान वर करून माझ्याकडे बघत होत्या.

बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्ये मी सरकारी वकीलबाईंना गाठलं. “आणि मालक? ज्याने फोनवर माझ्या बाबांचं ओरडणं ऐकलं आणि फोन ठेवला तो? चाचा जर सगळ्या माणसांचा वैरी, तर तो सगळ्या माणसांचा कोण?” त्या थांबल्या, फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मालकाने बंदूक धरली नव्हती, कुणाला कोंडलं नव्हतं, ती कंपनीही आता नाही, असं काहीबाही त्यांनी सांगितलं. आणि मग तोच शब्द. “त्याला आम्ही लायडर निश्ट त्सुश्टेंडिश.” निश्ट म्हणजे नाही, आणि लायडर म्हणजे दुर्दैवाने! कुणाचं दुर्दैव? मी एवढ्या मोठ्याने विचारलं की दाराशी उभा असलेला पोलीस दोन पावलं पुढे आला. गोदामात पार्सलं उचलणारा सापडला म्हणून जगाचा कायदा धावत आला. कोट घालून फोनवर बसलेला कुठेतरी आज संध्याकाळी आरामात जेवत असेल, आणि त्याच्यापर्यंत जाणारा कायदा कुणी अजून केलेलाच नाही. मला आज जे मिळालं ते मी नाकारत नाही, बाबा. पण ते अर्धंच आहे, आणि बाकीचं अर्धं मागायला कुठल्या मजल्यावर जायचं ते मला कुणी सांगत नाही.

घरी आले तर मुलगी गृहपाठ करत होती. मी वरणभात लावला, तिला वाढलं आणि माझ्याही नकळत तोंडातून निघून गेलं, “जेव गो, जेव.” ती “या, या, मामा” म्हणजे ‘हो, हो, आई’ म्हणून वहीतच बघत राहिली. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि हे लिहायला बसले. हे तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही ते मला माहीत आहेच. तुमचा शब्द मी मोडला, त्याबद्दल क्षमा मागत नाही. तुम्ही लाजण्यासारखं काही केलं नव्हतं, लाजायचं होतं ते त्यांनी, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगायला मला आवडलं असतं. त्याला जबर शिक्षा व्हावी असं मला अजूनही वाटतंय, तुमच्या भातामुळे काडीचीही सूट न मिळता.

फक्त एक आहे. तुम्ही गेल्यापासून तुमचा आवाज माझ्याकडे कशातच उरलेला नाही. तो माणूस पहिल्यांदा ‘जेव रे, जेव’ म्हणाला तेव्हा मी न्यायाधीशबाईंना सांगितलं, मला नीट ऐकू आलं नाही, त्यांना पुन्हा म्हणायला सांगा. त्याने पुन्हा म्हटलं. बाबा, मला पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आलं होतं.